उशाखालची देवी

आश्विन लागला की नांदेडच्या चौकात माती विकायला येते. काळी माती, प्लास्टिकच्या पिशवीत भरून वर रबर लावलेली. घट बसवायला लागते ना, अन् फ्लॅटात राहणाऱ्यांनी आणायची कुठून? पहिल्यांदा बघितली तेव्हा मी तिथंच उभी राहून हसले. सगळी जिंदगी काळ्या रानाच्या मुलखात गेलेल्या बाईनं माती विकत घ्यायची म्हणजे काय! विकणारी पोरगी मात्र तिखट. म्हणाली, "आजी, हसायलात काय? चाळलेली हाय माती. एक खडा सापडायचा न्हाई."

चाळलेली. एवढा शब्द कानावर पडला अन् माझं हसू कुठल्या कुठं गेलं. माती चाळून काय सापडतं अन् काय सापडत नाही, ते मला विचारा.

त्या चौकात मान वर केली की चारी बाजूंनी पोरापोरींचे फोटो. घराएवढे. कुणी डॉक्टरकीला लागलेलं, कुणी इंजिनियरिंगला, अन् खाली मोठ्या अक्षरात गुण. हा क्लास म्हणतो पोरगी आमची, तो म्हणतो आमची. एकच पोरगी दोन बोर्डांवर बघितलीय मी, एकीकडं चष्मा घातलेली अन् एकीकडं काढलेली. माझा मुलगाही अशाच एका क्लासात शिकवतो, म्हणून तर आम्ही लातूर सोडून इकडं आलो. पण मी त्या फोटोंकडं बघते ते वेगळ्याच कारणानं. त्यात मंगलच्या तोंडवळ्याची कुणी आहे का, हे बघते. दरवर्षी बघते. काही कारण नाही, तरी बघते.

मंगल माझ्या आक्काची लेक. आज असती तर चाळिशी ओलांडून गेली असती, तिचीच पोरं या बोर्डांवर लागली असती. पण माझ्या डोळ्यांपुढं ती दहावीतच थांबलेली आहे. दोन वेण्या, शाईनं भरलेलं बोट, अन् जिभेला हाड नाही.

आक्काचं सासर किल्लारीच्या अंगाला, तेरणेच्या काठचं गाव. तिच्या देवघराच्या कोनाड्यात टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले कुळाचे देव, ते आपल्याकडं घरोघर असतात. खंडोबा होता, भवानी होती, अन् त्यांच्या शेजारी एक तिसरी होती, ती या दोघांसारखी नव्हती. ती पत्र्याची नव्हती. गोल, जाड, रुपयापेक्षा लहान, कडा वेड्यावाकड्या. तिच्यावर एका बाईचं तोंड, एका बाजूनं बघणारं, अन् डोक्यावर वेण्या गुंडाळून घातलेला बुचडा. घरात तिला बुचडेवाली म्हणायचे. उलटं करून बघितलं की मागं एक उभी बाई, हातात कणसं घेतलेली.

आक्काच्या सासूला आम्ही सगळ्याच आत्याबाई म्हणायचो. त्या सांगायच्या, "मामंजी हीर खणत होते, तवा घावली. जमिनीतून आपण होऊन वर आली, म्हंजी देवीच की." शिवाय हातात कणसं. ज्वारी पिकवणाऱ्या घराला आणखी कसला पुरावा पाहिजे? मग रोज हळदकुंकू, अन् दर घटस्थापनेच्या आधी चुलीच्या राखेनं घासणं. आत्याबाईंच्या आधी त्यांच्या सासूनं घासली. एवढ्या अंगठ्यांखाली त्या बाईचं नाक पार सपाट झालेलं, ओठ गेलेले, डोळा म्हणजे नुसता एक खड्डा. बुचडा तेवढा शाबूत. मंगल त्या बुचड्यात शेवंतीची पाकळी खोवायची अन् म्हणायची, "आज्जी, हिचं नाक तुमीच खाल्लं."

"तुजं बी खाते, ये हिकडं," आत्याबाई म्हणायच्या.

त्या घराची एक रीत होती, ती मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. कुणाला ताप आला की बुचडेवाली कोनाड्यातून उठायची अन् आजाऱ्याच्या उशाखाली जायची. ताप उतरला की परत आपल्या जागेवर. डॉक्टर लांब होता, ही जवळ होती. माझी बाळंतपणं झाली तेव्हा आक्का तिला पदराच्या गाठीत बांधून लातूरला घेऊन आली होती. उशाखाली ती अशी टोचायची की झोपच लागायची नाही. पण बरं वाटायचं. कुणीतरी उशाशी आहे असं वाटायचं.

ती दोन हजार वर्षांपूर्वीची रोमची राणी आहे, हे तेव्हा आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

मंगल दहावीत होती, त्या वर्षी गणपती बोळवून लोक दमून झोपले. पहाटे जमीन हलली. लातुरात आमची भांडी फळीवरून खाली आली, आम्ही पोरांना घेऊन रस्त्यावर बसलो, अन् उजाडल्यावर कळलं की आपलं काहीच झालेलं नाही, व्हायचं ते तिकडं झालं. आम्ही पोचलो तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. मी बसस्टँड शोधत होते अन् त्याच्यावरच उभी होते. दाजी वाचले, कारण ते राखणीला शेतात झोपले होते. आक्काला तुळईखालून काढून मिलिटरीच्या गाडीतून नेलं, कंबर चेचलेली, शुद्ध नाही. आत्याबाई अन् मंगल दुसऱ्या दिवशी सापडल्या. वरून पाऊस. लाकडं पेटेनात. आक्कानं लेकीचं तोंड बघितलं नाही. मी बघितलं. मातीनं भरलेलं तोंड होतं, ते काही सांगत नव्हतं.

मग आम्ही माती चाळली. दाजी अन् मी, गव्हाच्या चाळणीनं. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून. दाजी पाट्या भरून द्यायचे, मी चाळायची. देवघर जिथं होतं, तिथली माती आम्ही अशी चाळली की भाकरीला मळावी. खंडोबा सापडला, मधोमध दुमडलेला. भवानी धड सापडली. समईचं बूड सापडलं. बुचडेवाली काही सापडली नाही. अन् आक्का शुद्धीवर आली, दाजींनी तिला टाक दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "देवघरात कशाला धुंडाळायलात? मंगलला ताप होता की. मी तिच्या उशाखाली ठिवली होती."

आम्ही तसंच माघारी पळालो. पण तोवर गावात मशीन फिरलं होतं. घरांचा सगळा राडारोडा उचलून ओढ्याकडं लोटला होता. कुठलं उसं अन् कुणाचं उसं.

तो आश्विन मला अजून पायांना कळतो. पत्र्याच्या शेडांची रांग, दुपारी आत तव्यासारखं तापलेलं, पाऊस आला की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. मदतीच्या गाड्या यायच्या. मुंबईच्या लोकांनी कपडे पाठवले होते, त्यात जीन्सच्या पँटी, झगमगीत फ्रॉक. आमच्या शेजारच्या शेडातली म्हातारी एक लाल कोट घालून भाकरी करायची. हसू यायचं हो. माणूस मेल्यावर हसायचं नाही असं कुठं लिहिलंय? गावच्या गाव तिथं एकाच रांगेत बसलेलं, अन् ज्याच्या त्याच्या घरचं कोणी ना कोणी कमी, त्यामुळं कुणी कुणाला समजवायला जात नव्हतं. आभाळ मात्र निर्लज्ज निळं व्हायचं. रानात तूर फुलायला आली होती, तिला काय ठाऊक.

आक्का रडली नाही. आठवडे गेले, रडली नाही. एक दिवस मी तिच्या केसांत तेल घालत होते, तेव्हा तिनं विचारलं, "सुमे, पोरगी जागी होती का गं, का झोपेत होती?"

"झोपेत होती," मी म्हणाले.

"तू हुतीस व्हय तिथं?"

मी पुन्हा तेलात बोटं बुडवली.

"तुजे दाजी बी हेच सांगायलेत. डॉक्टर बी तेच. कुणी हुतं का तिथं? तिच्या उशाशी एकटी बुचडेवाली हुती. तिला इचारीन मी. तवर मला कुणी काही सांगू नगा."

त्या वर्षी सुतक, तेव्हा घट बसण्याचा प्रश्न नव्हता. पण पुढच्या वर्षी शेडाशेडातून घट बसले, पोरींनी हादगा खेळला. आक्कानं बसवला नाही. आजूबाजूच्या बायका समजावून थकल्या. ती एकच म्हणायची, "एक देव बाहीर ठिवून घट बसवू व्हय?" दाजींनी नवा टाक घडवून आणतो म्हटलं. तर म्हणे, "नवी असंल ती. तिला काय म्हाईत आमच्या घरचं?"

इकडं लातुरात माझ्या घराला एक खोली होती, मागच्या अंगाला, पत्र्याची पण हवेशीर. ती मी मंगलसाठी चुना लावून ठेवली होती. दहावी झाली की ती अकरावी सायन्सला माझ्याकडं येणार होती. कपड्यांसाठी दोरी बांधून ठेवली, टेबल बघून ठेवलं. अन् त्याच सुमाराला लातुरात पोरांचा असा लोंढा सुरू झाला की बघायला नको. गल्लीगल्लीत क्लास. पहाटेच्या अंधारात सायकलींची रांग. ज्याच्या घरी म्हैस बांधायची जागा होती त्यानं म्हैस विकून खोली काढली. लातूर पॅटर्न, लातूर पॅटर्न. आमचे हे म्हणाले, "ती खोली रिकामी ठेवून काय करतीस?" खरंच, काय करणार होते? मी दिली. दर जूनला एक पोरगी यायची, कधी मुखेडची, कधी देगलूरची, ट्रंक घेऊन, डोळ्यांत पाणी घेऊन. त्याच दोरीवर कपडे वाळत घालायची. मी डबे करायची, त्यांच्या परीक्षांना उपास करायची. पोरी डॉक्टर झाल्या, पेढे द्यायला आल्या. मी पेढा तोंडात घालायची अन् तो गिळायला मला वेळ लागायचा.

बुचडेवाली मला भेटली ती नांदेडात, एका लग्नाला आले होते तेव्हा. गुरुद्वाऱ्याकडच्या रस्त्याला एक चाचा कापड अंथरून बसायचे. निजामाचे हाली रुपये, शिवराया, भोकाचे पैसे, अत्तराच्या रिकाम्या बाटल्या. अन् त्या सगळ्यांत ती. तोच बुचडा. मी मटकन खाली बसले. नवऱ्याला वाटलं, ऊन लागलं.

"चाचा, ही देवी कुणाची?"

"देवी नहीं, माँ. रूम की मलिका है. बादशाह की बेगम."

"रूम म्हंजी?"

"समंदर के पार. तुम्हारा कपास, कपडा उधर जाता था, उधर से ये आती थी. वो तेर है ना, उधर पुराना बाजार था."

त्यांनी किंमत सांगितली अन् मी हातातलं नाणं अंगार लागल्यासारखं खाली ठेवलं. माझ्या डब्यांच्या कमाईत ते बसणारं नव्हतं. चाचा हसले. म्हणाले, "इसका नाक अच्छा है, इसलिए." मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नाणी जमवणाऱ्या लोकांना नाक-डोळे लागतात, अक्षरं लागतात. ज्याचं तोंड झिजलं, ज्याला भोक पडलं, ज्याला कुणी दागिना करायला कडी लावली, त्याला कुत्रंही विचारत नाही. मी म्हटलं, "चाचा, मला नाक गेलेलीच पाहिजे." त्या माणसानं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. पण तेव्हापासून माझं भागायला लागलं. जगाला जी नकोत ती मला हवी होती.

म्हणजे बघा, मी चौथी शिकलेली बाई, भाकऱ्या थापून उरलेल्या पैशात रोमच्या बादशहांची नाणी जमवायला लागले. लोक साड्या घेतात. चाचा हैदराबादकडून जुन्या संग्रहांतला फुटकळ माल आणायचे, त्यातला गाळ माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. काही वेळा मातीनं लिंपलेले पावट्याएवढे तांब्याचे तुकडे मूठभर द्यायचे, त्यात काय निघेल ते तुमचं नशीब. ती घासायची नाहीत, तेलात भिजत ठेवायची, हे त्यांनीच शिकवलं. मी करडईच्या तेलात बरणी भरून ठेवली अन् ठेवली कुठं, तर स्वयंपाकघराच्या फळीवर. किनवटची वनिता होती तेव्हा खोलीत. आश्रमशाळेत वाढलेली, अबोल पोरगी, विचारल्याशिवाय पाणीही घ्यायची नाही. नेमकं त्या दिवशी तिनं आपल्या हातानं तिळाच्या चटणीवर तेल घेतलं. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणते, "काकू, तेल असं हिरवं कामून हाय?" आणि ताटात बादशहा.

ती जी हसायला लागली, ती वर्षभर हसत राहिली. त्या दिवसापासून आमचं जमलं. तिच्या फिजिक्सच्या पेटीतलं भिंग तिनं मला देऊन टाकलं. इंग्रजी अक्षरं मला तिनं शिकवली, ती पण नाण्यावरून. ए बी सी डी असं ओळीनं मला अजून येत नाही, पण गोलात लिहिलेलं येतं. एकदा चाचांकडचं ते नाकवालं नाणं मी थोडा वेळ मागून घेतलं अन् अक्षरं कागदावर उतरवून आणली. वनितानं कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक धुंडाळलं. रात्री भाजी निवडता निवडता तिनं मला सांगितलं, "काकू, ही राणी मेल्यावर तिच्या नवऱ्यानं ही नाणी पाडलीत. तिला देवी केलं त्यानं. तिचं देऊळ बांधलं. हा पहिला शब्द हाय ना, त्याचा अर्थच देवी."

माझ्या हातातली शेपू हातातच राहिली. म्हणजे आत्याबाईंचं चुकलंच नव्हतं. एवढ्या लांबून, एवढ्या समुद्रावरून आलेल्या एका बाईला, अक्षर न वाचता, त्यांनी बरोबर देव्हाऱ्यात बसवलं होतं. आणखी एक गोष्ट त्या पुस्तकात होती. त्या नवऱ्यानं बायकोच्या दुःखात इतकी नाणी पाडली, इतकी पाडली, की आजही राण्यांच्या नाण्यांत तीच सगळ्यांत स्वस्त मिळते. दुःख जास्त झालं की त्याला भाव राहत नाही. शेडांच्या रांगेत मी ते बघितलंच होतं.

मी पहिलं नाणं घेऊन आक्काकडं गेले तेव्हा तिला नव्या गावात घर मिळालं होतं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, शेजार लांब गेलेला. तिनं नाणं हातात घेतलं. बघितलं नाही, अंगठा फिरवला. "ही न्हाई."

"अगं, तीच राणी हाय. तोच बुचडा, मागं कणसं."

"राणी असंल. आमची न्हाई."

मी तिला सगळं सांगितलं, रोम, राजा, देऊळ, देवी. मला वाटलं, चकित होईल. तर म्हणाली, "त्यात काय नवं सांगितलंस? देवी न्हवती तर आत्याबाईंनी पुजली असती व्हय?"

दर वर्षी, पितृपक्ष संपत आला की मी एक घेऊन जायची. कधी अंगावर चिरा पडलेली, कधी कडीचा डाग असलेली. एसटीत खिडकीशी बसून पदराच्या गाठीत तिला दाबून धरायची, अन् मनात म्हणायची, बाई, तू ती नाहीस हे मला माहीत आहे, पण तू हो म्हण. तू काहीतरी सांग. आक्काचा अंगठा फिरायचा अन् यायचं, "ही बी न्हाई." एका वर्षी मी शहाणपणा केला. नाक थोडं शिल्लक होतं अशी एक मिळाली, ती मी राखेनं घासली. महिनाभर घासली, दुपारी डबे गेले की बसायची. चाचांना दाखवली तर त्यांनी कपाळावर हात मारला, "या अल्ला, ये क्या किए तुम!" अन् आक्कानं अंगठा फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. मी पुढं सरकले.

"ही तू घासलीस," ती म्हणाली. "तू घाईत घासतीस, सुमे, एकाच अंगानं. आत्याबाईंचा अंगठा गोल फिरायचा."

मग ती हसली, अन् मला चहा टाकायला उठली. जाता जाता म्हणाली, "कामून एवढा तरास घेतीस? ती यायची आसंल तर यील. माजं इचारायचं तेवढं राहू दे." तेव्हा मला समजलं. ती देवी सापडावी म्हणून बसलेली नव्हती. विचारायचं राहिलंय, एवढ्या एका धाग्यावर तिनं मंगलला धरून ठेवलं होतं. जोवर ती न्हाई म्हणत होती, तोवर ती पोरगी तापानं फणफणत त्या खाटेवर होती, अन् काही ठरलेलं नव्हतं.

वर्षं गेली. ती कशी जातात ते तुम्हाला माहीतच आहे, त्यावर काय लिहायचं. चाचा गेले. आमचे हे गेले. लातूरचं घर त्या खोलीसकट विकलं, घेणाऱ्यानं तिथं चार मजली होस्टेल बांधलं, आता तिथं मंगलचं काय, कुणाचंच काही राहिलं नाही. वनिता सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे, दिवाळीला फोन करते, अजून हिरव्या तेलाचं विचारते. दाजी गेल्यावर आक्काला मी नांदेडला आणलं. कंबर तर तिची तेव्हाच गेली होती. आता आधी गॅस बंद करायची विसरायला लागली, मग दिवस, मग माणसं. मला कधी सुमे म्हणते, कधी आई म्हणते. तिची भाषा तेवढी तशीच राहिली, पण आतली माणसं एकेक करून उठून गेली.

या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दर वर्षीसारखं, मी नाण्यांचा डबा उघडून तिच्यापुढं बसले. एक जुनीच राणी काढून तिच्या तळहातावर ठेवली. जी तिनं पूर्वी कधीतरी परत केली होती. अंगठा फिरला, गोल फिरला.

"हीच," आक्का म्हणाली.

एवढी वर्षं ज्या शब्दासाठी मी रस्ते झिजवले, तो असा, भाजी छान झाली म्हणावं तसा आला. खोटं सांगत नाही, क्षणभर मला वाटलं, असेलही. कुणी सांगावं? मग माझे हात आपोआप डब्यात गेले अन् मी दुसरं नाणं काढलं. त्या राणीचाच नवरा. दाढीवाला, जाड मानेचा, तांब्याचा.

"अन् ही गं, आक्का?"

"हीच की."

"नीट हात लाव. दाढी हाय."

तिनं हात लावला. त्या बादशहाच्या दाढीवरून तिचं बोट मायेनं फिरलं. "हीच माजी बुचडेवाली. मांड घट. देव खोळंबलेत."

मी घट मांडला. त्या चौकातली चाळलेली माती आणली, गहू पेरले, विड्याच्या पानांवर देव बसवले. सरळ करताना चीर पडलेला खंडोबा, भवानी, अन् आक्का मुठीतून सोडेना म्हणून तोच दाढीवाला. इतक्या वर्षांनी त्या घराचा घट बसला. सून म्हणाली, "मावशींचं तोंड किती शांत दिसतंय आज!" खरंच दिसत होतं. जेवली पोटभर. कंबर दुखते म्हणाली नाही. डॉक्टर म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे, त्रास होत नाही त्यांना.

संध्याकाळी आरती झाल्यावर मी तिला धरून घटापुढं बसवलं. नऊ दिवस आता देवांना हात लावायचा नाही, म्हणून मी लांबूनच दाखवलं. म्हटलं, "आक्का, आली ना ती? तुला तिला काही विचारायचं होतं. विचार आता."

"काय गं?"

"आठव की. मंगलचं."

"मंगल," ती म्हणाली. एखाद्या परक्या गावाचं नाव वाचावं तसं म्हणाली. कपाळाला आठी घातली, बरंच आठवलं, मला दिसत होतं ती किती जोर लावून आठवतेय. मग तिचा चेहरा उजळला. ती वाकली, बहिऱ्या म्हातारीशी बोलावं तशी त्या दाढीवाल्याच्या जवळ तोंड नेलं, अन् अगदी हळू विचारलं, "जेवलीस का गं, बाई?"

अन् समाधानानं मागं टेकून बसली.

जागी होती का झोपेत, तो दुसरा प्रश्न आता माझ्या एकटीजवळ आहे.